रिकामी होणारी खुर्ची: मंदीच्या वर्षात गोव्यात पहिली नोकरी

मंदीच्या वर्षात कंपन्या नवी पदं काढत नाहीत, पण असलेली माणसं सोडून जायची थांबत नाहीत. गोव्यात तर मुळीच नाही. कोणी जहाजावर जातो, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोप गाठतो, कोणाच्या हातात सरकारी ऑर्डर पडते, कोणी बाळंतपणाच्या रजेवर जाते. मागे उरलेलं काम मात्र थांबवून ठेवता येत नाही. जीएसटीचं रिटर्न तारखेला भरावंच लागतं, नमुना तपासल्याशिवाय औषधाची बॅच कारखान्याबाहेर पडत नाही, हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रीपाळीला कोणीतरी उभं राहावंच लागतं. अशी जागा आठ-पंधरा दिवसांत भरली जाते आणि बहुतेक वेळा तिची जाहिरात येतच नाही. यंदा पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनी मुख्य शोध घ्यायचा तो या जागांचा. जॉब पोर्टलवर रोज चाळीस अर्ज पाठवून त्या सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट, सगळे धंदे एकाच वेळी बसत नाहीत. 2012 मध्ये आणि पुन्हा मार्च 2018 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यातले ट्रक, बार्ज, गॅरेज, हॉटेलं, त्यांचे हिशेब ठेवणारे, सगळ्यांवर एकदम गदा आली. पण किनाऱ्यावरचं पर्यटन चालू होतं. 2020 मध्ये उलट झालं. हॉटेलं कुलूपबंद होती आणि वेर्ण्याच्या औषध कंपन्या चालू होत्या. म्हणून ‘सध्या कुठेच भरती नाही’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारायचं, कुठल्या धंद्यात नाही?

आधी कागद

निकाल लागल्यापासून पदवीदान समारंभापर्यंत बरेच महिने जातात. तोवर गोवा विद्यापीठाचं तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका यांवर काम भागतं, पण ते प्रमाणपत्र स्वतः अर्ज करून घ्यावं लागतं. निकालाच्या आठवड्यातच अर्ज करा. रिकामी खुर्ची भरणारा मालक ‘सोमवारपासून येता का?’ असं विचारतो, त्या वेळी ‘सर्टिफिकेट यायचंय’ हे उत्तर जागा घालवतं.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो नावावरून. आधारवर मधे वडिलांचं नाव, गुणपत्रिकेवर नाही, पॅनवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. भविष्यनिर्वाह निधीचा (पीएफचा) यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, आधारवरूनच तयार होतो. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर पीएफ अडकतो आणि कधीकधी पहिला पगारही. नोकरी लागण्याआधीच आधार, पॅन, बँक खातं आणि दहावीची गुणपत्रिका चारही समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती करायची तर आधार आणि पॅन दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणं सोपं, उलटं फार कठीण.

बायोडेटा एका पानाचा, पीडीएफमध्ये. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पदवी असावी. नुसतं ‘रेझ्युमे फायनल’ अशा नावाच्या ढीगभर फाइली एचआरकडे पडलेल्या असतात. वर गाव आणि तालुका लिहा, कारण स्थानिक मालक पहिली तीच ओळ वाचतो: मडकईच्या कारखान्याला फोंड्याचा उमेदवार हवा असतो, काणकोणचा पोर महिन्याभरात प्रवासाला कंटाळेल अशी त्याला धास्ती असते. दुचाकी आणि परवाना असेल तर तेही लिहा. रात्री दहाला सुटणाऱ्या पाळीनंतर बस मिळेलच असं नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ ही ओळ काढून टाका. तिच्या जागी प्रत्यक्ष काय येतं ते लिहा, आणि तेच खाली सविस्तर सांगते.

मुलाखतीत खरोखर काय विचारतात

बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांसाठी वेर्णे, कुंडई, पिळर्ण, करासवाडा या औद्योगिक वसाहतींतल्या औषध कंपन्यांचा क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभाग हा गोव्यातला सगळ्यात सरळ दरवाजा आहे. तिथे पहिला प्रश्न बऱ्याचदा इतका साधा असतो की मुलं गडबडतात: 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल एक लिटर कसं बनवाल? उत्तर असं. तीव्र आम्ल साधारण साडेआठ मिलिलिटर मोजून घ्यायचं, आधी फ्लास्कमध्ये पाणी, त्यात आम्ल, मग खुणेपर्यंत पाणी. इथे बहुतेक जण थांबतात. मुलाखत घेणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत असतो: हे द्रावण निर्जल सोडियम कार्बोनेटने प्रमाणित करायचं, कारण तीव्र आम्लाची नेमकी तीव्रता बाटलीगणिक थोडी बदलते, आणि लेबलवर तयार केल्याची तारीख, मुदत आणि सही टाकायची. हे शेवटचं वाक्य बोलणाऱ्याला प्रयोगशाळेचं काम कळतं असं मानलं जातं.

दुसरा हमखास प्रश्न नोंदींचा. वहीत आकडा चुकला तर काय कराल? चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि जरूर तिथे कारण. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच. मोजणी झाली की त्याच क्षणी नोंद करायची, संध्याकाळी आठवून नाही. औषध कंपन्यांची तपासणी परदेशी नियामकही करतात आणि ते यंत्राइतक्याच बारकाईने वह्या पाहतात. कॉलेजच्या प्रयोगवहीत आपण जे बिनदिक्कत करतो, कच्च्या वहीतून पक्क्या वहीत सुंदर अक्षरात उतरवून काढणं, ते तिथे गंभीर दोषात मोडतं. पीएच मीटर कुठल्या बफरने कॅलिब्रेट करतात, एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण, गाळून का घेतात, एवढं कॉलेजच्या लॅब असिस्टंटकडून चार दुपार बसून शिकता येतं. त्यासाठी महागडा कोर्स लावू नका.

बीकॉमवाल्यांनी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवावा, पण सोबत पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को इथल्या सीए फर्म आणि अकाउंट लिहून देणारी लहान ऑफिसं गाठावीत. तिथल्या महिन्याला स्वतःचं वेळापत्रक आहे: 7 तारखेला टीडीएसचा (पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा) भरणा, 11 ला जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचं रिटर्न, 14 ला जीएसटीआर-2बी, म्हणजे विकणाऱ्यांनी अपलोड केलेल्या बिलांची यादी, तयार होतं, 20 ला जीएसटीआर-3बी, म्हणजे महिन्याचं एकत्रित रिटर्न. मधोमध मुख्य काम एकच, खरेदीच्या रजिस्टरमधली बिलं 2बीशी ताडून पाहणं. विकणाऱ्याने बिल अपलोड केलं नसेल तर त्या महिन्यात त्यावरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणून कोणाचं बिल गायब आहे ते शोधून त्याला फोन करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण माणसाशिवाय होत नाही आणि मंदीतही दर महिन्याला येतं. मुलाखतीला जाताना टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं असं नुसतं सांगू नका. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती घेऊन एका काल्पनिक दुकानाचा एक महिना लिहून काढा: चाळीस-पन्नास व्हाउचर, बँकेचा ताळमेळ, जीएसटीचा अहवाल. त्याची छापील पानं फाइलमध्ये घालून न्या. समोरचा पानं उलटून दोन प्रश्न विचारतो आणि तिथेच निर्णय होतो. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल आलंच पाहिजे, कारण बिलं ताडायचं काम त्यावरच चालतं.

बीए झालेल्यांना ‘तुम्हाला काय येतं?’ हा प्रश्न जास्त खुपतो, आणि तो अन्यायाचाही आहे. गोव्यात त्याला चांगलं उत्तर आहे: भाषा. कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी चारही बोलणारा पदवीधर हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला, इस्पितळाच्या स्वागतकक्षाला, विमा आणि कर्जाच्या ऑफिसांना हवा असतो. हॉटेलची भरती हंगामाआधी होते. ऑगस्ट-सप्टेंबरात, चवथीच्या आगेमागे चौकशी सुरू ठेवा, ऑक्टोबर उजाडला की जागा भरलेल्या असतात. जागा बारमाही आहे की हंगामापुरती, हे पहिल्या भेटीतच विचारा. हंगामी असली तरी वाईट नाही, पण पावसाळ्यात काय करायचं ते आधी ठरवून घ्यावं. आणि रात्रीचं काम टाळू नका, कारण नाइट ऑडिट शिकता येतं: दिवसभराची बिलं जुळवणं, प्रत्येक खोलीवर भाडं चढवणं, रोख आणि कार्डाचा मेळ बसवून दिवस बंद करणं. हे येणारा माणूस पुढे अकाउंटमध्येही जाऊ शकतो.

इंजिनिअरिंगवाल्यांचं थोडक्यात. कॅम्पसमधून मिळालेली जॉइनिंगची तारीख कंपनी पुढे ढकलत असेल तर नुसतं थांबून राहू नका. एनएटीएस या केंद्र सरकारच्या अॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एक वर्षाची अॅप्रेंटिसशिप मिळते, गोवा शिपयार्डसारखे मोठे उद्योगही अशी भरती काढतात. पदवीधराचं किमान विद्यावेतन 2019 च्या नियमांत महिना 9,000 रुपये ठरलं. चालू आकडा जाहिरातीत बघून घ्या. शेवटी केंद्र सरकारच्या मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं. एक अट ध्यानात असू द्या: कुठेही वर्षभर नोकरी झाली की ही वाट बंद होते. म्हणून ती आधी वापरायची. हे बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही लागू आहे, फक्त जागा कमी असतात.

दारात कसं जायचं

औद्योगिक वसाहतीत बायोडेटा हातात घेऊन जाणं जुन्या काळचं वाटतं, पण लहान आणि मध्यम कारखान्यांत ते अजून चालतं. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ बरी. महिन्याचे पहिले सहा-सात दिवस एचआर पगारात बुडालेला असतो, ते टाळा. गेटवरच्या सिक्युरिटीशी नीट बोला. भरती कोण पाहतं, कंपनी स्वतः घेते की कंत्राटदारामार्फत, कुठल्या खात्यातलं माणूस सोडून गेलंय, हे सगळं त्याला ठाऊक असतं. गेटवरच्या नोटीसबोर्डाचा फोटो काढून आणा. एका फेरीत एकाच वसाहतीतले दहा-बारा कारखाने करा, पेट्रोल वाचतं.

मेल पाठवायचा तर पाच ओळी पुरतात: पदवी आणि वर्ष, राहण्याचं गाव, नेमकं येणारं एक काम, कधीपासून येऊ शकता, फोन नंबर. ‘कुठलंही काम चालेल’ असं लिहू नका. ते वाचून कुठल्याच खात्याचा प्रमुख तो मेल आपला मानत नाही. दोन वेगळ्या खात्यांसाठी दोन वेगळे बायोडेटा करा. पाठवलेल्याची वही ठेवा: तारीख, कंपनी, कोणाशी बोललात, काय उत्तर आलं. आठवड्याने एक फोन, पुढे पंधरा दिवसांनी दुसरा, मग ती ओळ बंद. ही दुसरी आठवण करणारे फार थोडे असतात, आणि खुर्ची नेमकी याच पंधरा दिवसांत रिकामी झालेली असू शकते.

ओळखीच्या लोकांना सांगायला लाजू नका. शेजारची ताई वेर्ण्याला कामाला आहे, मामा बँकेत आहे, कॉलेजचा दोन वर्षं पुढचा सिनिअर एखाद्या लॅबमध्ये आहे. त्यांना ‘नोकरी लावा’ म्हणू नका, ‘तुमच्याकडे कोणी सोडून चाललं तर मला सांगा’ एवढंच म्हणा. ही वशिलेबाजी नाही, बातमी आहे. पहिल्या विनंतीने माणूस अवघडतो, दुसरीत तो सहज मदत करतो. वर्तमानपत्रांतल्या वॉक-इनच्या जाहिरातीही घरात कोणीतरी रोज पाहावी, हे काम आईवडील आनंदाने करतात.

पगाराचा आकडा

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. ‘सीटीसी 2,40,000’ म्हणजे महिना 20,000 हातात, असा समज करून घेऊन मग मुलं निराश होतात. हिशेब करून पाहू. मूळ वेतन 12,000 धरलं तर मालकाचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,440 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 577, दोन्ही सीटीसीतच मोजलेली असतात. एकूण पगार 21,000 च्या आत असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतो, त्यातला मालकाचा 3.25 टक्के वाटा सुमारे 566. उरला ढोबळ पगार साधारण 17,417. त्यातून तुमचा पीएफ 1,440 आणि ईएसआय 0.75 टक्के, सुमारे 131. हातात पडतात 15,800 च्या आसपास. पीएफ तुमचाच आहे आणि ईएसआयमुळे घरच्यांच्या उपचारांची सोय होते, तेव्हा हे पैसे वाया जात नाहीत. पण पणजीत खोली घेऊन राहायचं की सावर्ड्याहून रोज यायचं, हे ठरवताना 15,800 धरा, 20,000 नव्हे. कंपनीची बस आणि कँटीन असेल तर ती हजार-दोन हजारांची वाढ समजायला हरकत नाही.

कंत्राटदारामार्फत काम असेल तर तीन गोष्टी लेखी मागा: नेमणूकपत्र, दर महिन्याची पगारपावती, यूएएन. पगारपावतीशिवाय केलेलं वर्ष पुढच्या मुलाखतीत अनुभव म्हणून सिद्ध करता येत नाही. मूळ प्रमाणपत्रं दाखवावीत, ठेवून घेऊ देऊ नयेत. बॉण्डच्या नावाखाली कोरा चेक कुणालाही देऊ नये.

जिथे पैसे मागतात

मंदीत हे लोक वाढतात, आणि चांगल्या शिकलेल्या घरातली मुलंही फसतात. नोंदणी फी, मेडिकल, गणवेशाचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, नाव काहीही असो, नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा नोकरी देत नसतो. सरकारी नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणांत 2024 मध्ये गोव्यात अटका झाल्या. त्यात कर्ज काढून, दागिने मोडून पैसे दिलेली कुटुंबं होती, हे विसरू नका. जहाजावर जायचं असेल तर एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्यांना मनाई आहे. आखाती देशांसाठी एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. नोंदणी असलेल्या एजंटला मात्र सेवाशुल्क घेता येतं, पण त्याची कमाल मर्यादा 30,000 रुपये आणि वर जीएसटी अशी आहे. आग्नेय आशियात ‘डेटा एंट्री, पगार डॉलरमध्ये’ अशी ऑफर टुरिस्ट व्हिसावर आली तर जाऊच नका. अशा ठिकाणी भारतीय मुलांना डांबून सायबर फसवणूक करायला लावलेलं आहे. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

सरकारी नोकरीची वाट पाहताना

वाट जरूर पाहा, पण काम करता करता. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, मामलेदाराकडून 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला हे आत्ताच करून ठेवा. जाहिरात आल्यावर सगळे एकदम धावतात आणि मुदत संपते. गट क ची भरती आता गोवा कर्मचारी निवड आयोग संगणकावरच्या परीक्षेने करतो, त्यामुळे अभ्यासाला अर्थ आहे. कोकणी आवश्यक आणि मराठी असल्यास उत्तम, अशी अट असते; घरी मराठी वाचणाऱ्यांनीही कोकणीचा सराव ठेवावा. रोज दोन तास अभ्यास आणि आठ तास नोकरी जमते, ट्रेनीच्या वयात तर नक्की. घरी बसून तीन वर्षं अभ्यास केलेल्याला मात्र खासगी मुलाखतीत त्या तीन वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो देताना हुशार मुलं खचलेली दिसतात. आईवडिलांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कमी पगारावर सुरुवात झाली तर

कॅनडात मंदीच्या काळात पदवी घेतलेल्यांवर मोठा अभ्यास झाला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची सुरुवातीची कमाई सुमारे 9 टक्क्यांनी कमी होती, पाच वर्षांत ही तूट अर्धी झाली आणि दहा वर्षांत जवळपास भरून निघाली. ती भरून निघाली ती प्रामुख्याने नोकरी बदलून, जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांत जाऊन. तो देश वेगळा, तिथली बाजारपेठ वेगळी, तरी यातली वाट आपल्याकडेही तीच आहे. पहिली नोकरी निवडताना हजार रुपये जास्त कुठे मिळतात यापेक्षा, तिथून दोन वर्षांनी कुठे जाता येईल हे बघा. लहान सीए फर्ममधून मोठ्या कंपनीच्या अकाउंटमध्ये जाता येतं, क्यूसीतून क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) किंवा दुसऱ्या औषध कंपनीत जाता येतं. नुसता बिलाचा काउंटर सांभाळून फारसं कुठे जाता येत नाही, तिथे मुक्काम सहा महिन्यांचाच धरा आणि शोध चालू ठेवा.

सोडताना नोटिशीचा काळ पूर्ण करा आणि अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारपावत्या हातात घेऊनच निघा. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. जुन्या मालकाने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने झाले की ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर टाकता येते; ती टाकल्याशिवाय जुनी शिल्लक नव्या खात्यात येत नाही.